मोजमाप आणि ड्रॉइंग वाचन: मुक्त अभ्याससाहित्याच्या प्रकल्प नोंदी, कोल्हापूर

काम काय आहे ते आधी. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि शिवाजी उद्यमनगर इथं नोकरी करत दूरशिक्षणातून शिकणारे, आणि गगनबावडा, राधानगरी, भुदरगडकडच्या अभ्यासकेंद्रांवर येणारे, या दोघांसाठी मराठीत सहा घटकांचा छोटा अभ्यासक्रम. घटक असे: स्टीलपट्टी, व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल इंडिकेटर, प्रक्षेपण (वस्तू समोरून, वरून, बाजूने कशी दिसते ते काढणं) आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक). मजकूर, आकृत्या, छोटे व्हिडिओ आणि सराव प्रश्न, सगळं मुक्त परवान्याखाली. या नोंदी असंच काम हाती घेणाऱ्यांना उपयोगी पडाव्यात म्हणून ठेवल्या आहेत.

९ जून २०२५

साहित्य बनवण्याआधी अटी ठरवल्या, कारण नंतर त्या बसवता येत नाहीत. गृहीत फोन: २ जीबी रॅमचा अँड्रॉइड, ७२० पिक्सेल रुंद पडदा, साठवणीत जेमतेम जागा शिल्लक. एका घटकाचं एकूण वजन ६० एमबीच्या आत. नेट नसताना सगळं उघडलं पाहिजे. आणि चौथी अट, जी बहुतेक ठिकाणी विसरली जाते: अभ्यासकेंद्रावरच्या शिक्षकाला मजकूर स्वतः बदलता आला पाहिजे.

डेव्हिड वायली यांनी मुक्त साहित्याचे पाच हक्क मांडले आहेत: जवळ ठेवणं, वापरणं, बदलणं, दुसऱ्या साहित्यात मिसळणं आणि पुढे वाटणं. परवाना हे पाचही हक्क कागदावर देतो. पण व्हिडिओ फक्त ऑनलाइन चालत असेल तर पहिला हक्क शिकणाऱ्याला मिळालाच नाही, आणि पुस्तिका नुसती पीडीएफ असेल तर तिसरा हक्क शिक्षकाला मिळाला नाही. आमच्या मते साहित्य खरोखर मुक्त आहे की नाही हे फाईलचं स्वरूप ठरवतं. या प्रकल्पातला प्रत्येक निर्णय त्याच कसोटीवर घ्यायचा.

१२ जून

परवान्यांची छाननी. इथं सर्वांत जास्त गल्लत होते, म्हणून सविस्तर लिहितो.

बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात, पण त्यांचे सर्व हक्क मंडळाकडे राखीव आहेत. एनसीईआरटीच्या पुस्तकांचंही तसंच. त्यांतली आकृती कापून आपल्या पुस्तिकेत लावली आणि वर मुक्त परवाना छापला, तर जे आपलं नाही ते आपण वाटलं असं होतं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अध्यापनापुरती सवलत आहे. ती वर्गापुरती. तिच्या आधारावर कुणी मुक्त परवान्याचं साहित्य प्रकाशित करू शकत नाही.

वापरता येण्याजोगं असं: मराठी विकिपीडियाचा मजकूर सीसी बाय-एसए ४.० खाली आहे, म्हणजे श्रेय द्या आणि बदललेली कृती याच परवान्याखाली वाटा, असं सांगणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना. एनपीटीईएलची (आयआयटींच्या व्हिडिओ अभ्यासक्रमांचा उपक्रम) व्याख्यानं सीसी बाय-एसए खाली. खान अकॅडमी आणि एमआयटी ओपनकोर्सवेअर यांच्या परवान्यात मात्र ‘एनसी’, म्हणजे व्यापारी वापर नको, ही अट आहे. बाय-एसए आणि बाय-एनसी-एसए हे दोन मजकूर एकत्र करून तिसरा बनवता येत नाही, कारण दोघंही सांगतात की नवी कृती माझ्याच परवान्याखाली हवी. एका संग्रहात शेजारी शेजारी ठेवायला हरकत नाही, फक्त प्रत्येकाचा परवाना वेगळा दाखवायचा.

निर्णय: आमचं सगळं सीसी बाय-एसए ४.० खाली. ‘एनसी’ लावली नाही. तालुक्याच्या ठिकाणचा झेरॉक्सवाला ही पुस्तिका छापून विकतो तेव्हा तो व्यापारच करतो, आणि त्याने तो करावाच असं आम्हाला वाटतं. ज्याच्याकडे चांगला फोन नाही त्याच्यापर्यंत पुस्तिका त्याच वाटेने पोहोचते.

विकिपीडियावरच्या चित्रांचा परवाना मजकुराहून वेगळा असू शकतो. प्रत्येक चित्राचं विकिमीडिया कॉमन्सवरचं (विकिपीडियाचा चित्रसाठा) पान उघडून पाहायचं. श्रेयाच्या तक्त्यात चार रकाने: शीर्षक, कर्ता, कुठून घेतलं, परवाना. तक्ता पहिल्या दिवसापासून भरायचा. शेवटी बसून आठवायला गेलं की निम्मी चित्रं कुठली ते कळत नाही आणि ती काढून टाकावी लागतात.

वर्कशॉपमधल्या फोटोंबाबत: टेबलावर पडलेलं ड्रॉइंग बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचं असतं. मालकाने फोटोला हो म्हटलं तरी ड्रॉइंगवर त्याचा हक्क नसतो. म्हणून सराव ड्रॉइंग सगळी स्वतः काढायची. माणसांचे चेहरे नकोत, हात पुरेत.

१८ जून

एका निवृत्त निदेशकांनी व्हर्निअर आणि मायक्रोमीटरच्या नोट्स देऊ केल्या, लेखी परवानगीसह. नोट्स उत्तम आहेत, पण युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकसमान सांकेतिक पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेल्या. कोल्हापुरात डीटीपी करून घेतलेला जुना मजकूर बहुधा असाच मिळतो. फॉन्ट काढला की पडद्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ उरतो. शोध चालत नाही, वाचून दाखवणारं ॲप चालत नाही, फोनवर अक्षर दिसत नाही.

रूपांतर करताना नुसतं एका चिन्हाच्या जागी दुसरं ठेवून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने टाइप होतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. दोन ठिकाणी हमखास चुकतं. पहिली वेलांटी आधी टाइप झालेली असते, ती व्यंजनानंतर न्यावी लागते, आणि पुढे जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षर ओलांडून. रफार उलटा: तो अक्षरानंतर टाइप झालेला असतो, तो आधी आणावा लागतो. ‘विद्यार्थी’ या एका शब्दात दोन्ही आहेत. वेलांटी ‘व’च्या नंतर गेली पाहिजे आणि रफार ‘थी’वरून, दीर्घ वेलांटीसकट उडी मारून, ‘थ’च्या आधी बसला पाहिजे. रूपांतरक तपासायला हा शब्द चांगला. त्यासोबत ‘कार्यपद्धती’, ‘पृष्ठभाग’, ‘सुऱ्या’ आणि ‘स्क्रू’ हेही तपासावेत.

रूपांतरानंतर माणसाने मूळ छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहणं अटळ आहे. आकडे विशेष सांभाळायचे. मोजमापाच्या पुस्तिकेत ०.०२ चं ०.२ झालं तर पुस्तिका नसलेली बरी.

२० जून

शोधातली अडचण. ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो: स्वतंत्र ॲ, किंवा अ आणि वर चंद्र. दिसायला सारखेच, संगणकाला वेगळे. युनिकोडचं प्रमाणीकरण चालवूनही हे दोन एक होत नाहीत. ‘ऱ्या’चंही तसंच, तो ऱ आणि हलन्ताने लिहिता येतो किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्हाने. एकच रूप ठरवून संपूर्ण मजकुरात बदलून घेतलं: ॲ स्वतंत्र, ऱ नुक्त्याचा. प्रत्येक फाइलीवर भाषा ‘मराठी’ अशी नोंदवायची, नाहीतर फोनवर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. पीडीएफसाठी आयआयटी मुंबईचा शोभिका हा मुक्त फॉन्ट घेतला.

२७ जून

व्हर्निअरच्या आकृत्या. सगळ्या अभ्यासक्रमात सर्वांत अवघड काम हेच. व्हर्निअर वाचायची रीत अशी: व्हर्निअर पट्टीच्या शून्याच्या डावीकडची मुख्य पट्टीची रेघ म्हणजे पूर्ण मिमी, आणि व्हर्निअरची जी रेघ मुख्य पट्टीच्या रेघेशी जुळते तिचा क्रमांक ०.०२ ने गुणून त्यात मिळवायचा.

आधी फोटो काढून पाहिले. स्टेनलेस पट्टीवर प्रकाश चमकतो, त्यावर उपाय आहे: दिवा तिरका आणि मध्ये ट्रेसिंग पेपर. पण दुसरी अडचण सुटत नाही. मुख्य पट्टी आणि व्हर्निअर पट्टी एका पातळीत नसतात. लेन्स जुळणाऱ्या रेघेच्या बरोबर वर नसेल तर फोटोत जुळणी एक-दोन रेघांनी सरकलेली दिसते. प्रत्यक्षात १७वी रेघ जुळते, फोटोत १८वी. शिकणाऱ्याने बरोबर पाहिलं तरी त्याचं उत्तर चूक धरलं जाणार. फोटो दुरून, थोडा झूम करून घेतला तर फरक कमी होतो, पण सराव प्रश्नासाठी भरवसा नाही. फोटो फक्त ओळखीपुरते ठेवले: जबडे कुठले, खोलीची पट्टी कुठली, लॉक स्क्रू कुठला.

सरावासाठी आकृती हिशोबाने काढायची ठरलं. ०.०२ मिमीच्या व्हर्निअरमध्ये ४९ मिमीत ५० भाग, म्हणजे एक भाग ०.९८ मिमी. पूर्ण पट्टी फोनच्या पडद्यावर बसवली तर १ मिमीला साधारण १२ पिक्सेल मिळतात. मग लगतच्या दोन रेघांतला ०.०२ मिमीचा फरक होतो ०.२४ पिक्सेल. तो पडद्यावर दिसूच शकत नाही. एकाच वेळी चार-पाच रेघा जुळल्यासारख्या दिसतात आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच समजत नाही. जालावर मिळणाऱ्या अनेक आकृत्यांत हाच दोष आहे.

म्हणून प्रत्येक प्रश्नाला दोन आकृत्या. वर पूर्ण पट्टी, शून्याची रेघ कुठे आहे ते पाहायला. खाली भिंगातून दिसावा तसा तुकडा, १ मिमीला १०० पिक्सेल या मापाने, १०८० पिक्सेल रुंद. त्यात मुख्य पट्टीचे साधारण ११ मिमी मावतात आणि लगतच्या रेघेचा फरक २ पिक्सेल येतो. ७२० पिक्सेलच्या पडद्यावर तो सव्वा-दीड पिक्सेल राहतो, बारकाईने पाहिलं तर कळतो.

उदाहरण, माप २४.३४ मिमी. शून्याची रेघ २४ च्या किंचित पुढे. व्हर्निअरची १७वी रेघ २४.३४ + १७ × ०.९८ = ४१.०० वर, म्हणजे मुख्य पट्टीच्या ४१ च्या रेघेशी बरोबर जुळते. भिंगाचा तुकडा ३६ ते ४६ मिमी. रेघांची जागा पूर्णांक पिक्सेलला ‘जवळची’ करायची नाही. तसं केलं की पुन्हा खोट्या जुळण्या तयार होतात. एसव्हीजीमध्ये (रेघांची मापं लिहून साठवलेली आकृती) दशांश स्थानं तशीच ठेवून, शेवटी एकदाच पीएनजी (ठिपक्यांचं चित्र) बनवायची.

एसव्हीजीतला मजकूर वळणरेषांत बदलायचा नाही. बदलला तर दुसऱ्या कुणाला कन्नडमध्ये भाषांतर करायचं असेल तेव्हा आकृती पुन्हा काढावी लागेल. गडहिंग्लज, चंदगडच्या सीमेवर ही गरज खरीच आहे.

२ जुलै

सराव प्रश्न एच५पीमध्ये (पडद्यावर सोडवायच्या प्रश्नांचं मुक्त स्वरूप), लुमी या मोफत संपादकात, नेटशिवाय.

रिकाम्या जागेच्या प्रश्नात उत्तर अक्षराला अक्षर ताडलं जातं. शिकणारा मराठी कळफलकावरून २४.३४ टाइप करतो, बरोबर उत्तर इंग्रजी अंकांत नोंदवलेलं असेल तर ते चूक ठरतं. दोन्ही अंकांतली उत्तरं तिरक्या रेघेने वेगळी करून द्यायची. ‘मिमी’ चौकटीच्या बाहेर छापायचं, नाहीतर कुणी एकक लिहितो, कुणी लिहीत नाही.

बहुपर्यायी प्रश्नात चुकीचे पर्याय उगाच बनवायचे नाहीत, मशीनवर खरोखर होणाऱ्या चुकांतून घ्यायचे. २४.३४ साठी:

२४.१७, म्हणजे १७ ला ०.०२ ने गुणलं नाही, सरळ शंभरावा भाग धरला.
४१.३४, म्हणजे जुळलेल्या रेघेसमोरचाच मुख्य पट्टीचा आकडा घेतला.
२५.३४, म्हणजे शून्याच्या डावीकडची रेघ सोडून उजवीकडची घेतली.

प्रत्येक पर्यायाला त्या चुकीचंच उत्तर लिहिलं. ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ एवढं म्हणून दूरशिक्षणात भागत नाही. शेजारी सांगायला कुणी नसतं, तेव्हा प्रतिसादाची ओळ हाच शिक्षक. मायक्रोमीटरमध्ये तर जवळजवळ सगळ्या चुका नेमक्या ०.५ मिमीच्या असतात. थिंबलखालून (मायक्रोमीटरची फिरणारी नळी) अर्ध्या मिमीची रेघ उघडी पडलीय की नाही ते पाहिलेलं नसतं. तिथं प्रतिसादात तो भाग मोठा करून दाखवला.

प्रत्येक एच५पी फाइलीसोबत तिचं सगळं सॉफ्टवेअर येतं, त्यामुळे एकच प्रश्न असला तरी फाइल जड होते. सुटे प्रश्न न करता एका संचात १० प्रश्न ठेवले.

९ जुलै

ध्वनिमुद्रण पहाटे. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की थांबायचं, तो आवाज नंतर निघत नाही. पंखा बंद, माइक तोंडापासून वीत-दीड वीत, दारा-खिडक्यांना जाड चादरी.

व्हिडिओचं माप: ४८० रेषा, एच.२६४, गुणवत्ता सीआरएफ २८, सेकंदाला १५ चौकटी, आवाज मोनो. सरासरी ३०० किलोबिटच्या आसपास येते, म्हणजे ६ मिनिटांचा व्हिडिओ साधारण १३.५ एमबी. घटकाला असे तीन. हात हलताना दिसतो तिथे १५ चौकटी कमी पडतात, तेवढे भाग २५ ने.

चाचणीत एका विद्यार्थ्याचा निरोप आला: ‘सर, व्हिडिओ नुसता फिरतोय.’ फाइल ठीक होती. एमपी४ची अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी लिहिली जाते. ती सुरुवातीला आणली नाही तर, साध्या सर्व्हरवरून, अख्खी फाइल उतरेपर्यंत चित्र सुरू होत नाही. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फास्टस्टार्ट’ हा पर्याय लावला की प्रश्न मिटतो. पुन्हा एन्कोड करावं लागत नाही, क्षणात होतं.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो आणखी दाबला जातो आणि पट्टीवरचे आकडे पुसट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा.

फक्त आवाजाची प्रतही ठेवली, ६४ किलोबिट मोनो एमपी३, १० मिनिटांना ४.८ एमबी. बसने कामावर जाता-येता ऐकायला.

१६ जुलै

अभ्यासकेंद्रासाठी ऑफलाइन पेटी, म्हणजे नेटशिवाय वायफायवरून फोनांना साहित्य देणारी. भाग: रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (४ जीबी, पुढे नुसतं ‘पाय’), ३२ जीबी कार्ड, १२० जीबी यूएसबी एसएसडी, छोटा वायफाय ॲक्सेस पॉइंट, आणि त्यावर कोलिब्री हे नेटशिवाय शिकण्याचं मुक्त सॉफ्टवेअर. कोलिब्रीचा इंटरफेस मराठीत आहे, व्हिडिओ, ईपब, पीडीएफ, एच५पी सगळं चालतं, आणि कोण कुठवर आलंय ते शिक्षकाला दिसतं.

पायचं अंगचं वायफाय वापरलं नाही. त्याच्या नेहमीच्या फर्मवेअरवर आठ-दहा फोनांच्या पुढे नवा फोन जोडला जात नाही. २५ जणांचं सत्र असेल तर वेगळा ॲक्सेस पॉइंट हवाच. बँडविड्थची काळजी नको: २५ फोन × ३५० किलोबिट = पावणेनऊ मेगाबिट, २.४ गिगाहर्ट्झवर निभावतं. ५ गिगाहर्ट्झवर ठेवलं तर जुन्या फोनांना वायफाय दिसणारच नाही.

कार्ड फक्त वाचण्यासाठी, ओव्हरले पद्धतीने, म्हणजे बदल तात्पुरते मेमरीत राहतात, कार्डावर लिहिले जात नाहीत. त्यामुळे वीज अचानक गेली तरी प्रणाली बिघडत नाही. पण कोलिब्रीला प्रगतीची नोंद लिहावी लागते, म्हणून तिचं फोल्डर एसएसडीवर, ईएक्सटी४ विभागात. हे केलं नाही तर पेटी दर वेळी बंद करून चालू केल्यावर सगळ्यांची प्रगती शून्यावर येते.

१८ जुलै

पाय ४ ला घड्याळाचा सेल नाही. नेट नसेल तर तारीख मागे राहते आणि नोंदींचा क्रम बिघडतो. डीएस३२३१ घड्याळ लावलं: ३.३ व्होल्ट पिन १, एसडीए पिन ३, एससीएल पिन ५, ग्राउंड पिन ९. बाजारात मिळणाऱ्या निळ्या बोर्डावर सेल चार्ज करणारं सर्किट असतं. साधा सीआर२०३२ सेल चार्ज करायचा नसतो, म्हणून त्याला ५ व्होल्ट द्यायचे नाहीत.

२८ जुलै

गगनबावडा तालुक्यात पहिलं सत्र. पेटी चालली, फोन जोडले गेले, पान मात्र निम्म्या फोनांवर उघडलं नाही. कारण: या वायफायवर इंटरनेट नाही हे अँड्रॉइड ओळखतो आणि गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो. पेटीचा पत्ता तो मग बाहेर शोधत बसतो. सर्व्हरवर ‘नेट आहे’ असं भासवणारं उत्तर देण्याची युक्ती आहे, पण नवे अँड्रॉइड सुरक्षित जोडणीनेही तपासतात, त्यामुळे ती अर्धवटच चालते. सरळ उपाय: मोबाइल डेटा बंद करा, ‘तरीही जोडलेलं ठेवायचं का’ असं विचारलं तर हो म्हणा. हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलं.

भिंतीवर दोन क्यूआर: पहिला वायफाय जोडणारा, दुसरा पेटीचा पत्ता उघडणारा. पत्ता आकड्यांचा ठेवला, नावाचा नाही, कारण ‘लोकल’ने संपणारी नावं जुन्या फोनांवर उघडत नाहीत. पोर्ट ८० वर वळवून दिला, म्हणजे हाताने टाइप करणाऱ्याला शेवटी ८०८० लिहावं लागत नाही.

लुमीतून काढलेली एकहाती एचटीएमएल फाइलही वाटली, घरी सरावासाठी. काही फोनांत ती ‘एचटीएमएल व्ह्यूअर’मध्ये उघडते आणि पान कोरं दिसतं. त्या ॲपमध्ये जावास्क्रिप्ट मुद्दाम बंद ठेवलेली असते. ‘यासह उघडा’ मधून क्रोम निवडायचा.

४ ऑगस्ट

पेटी मधूनच बंद होऊन सुरू होते अशी तक्रार. सॉफ्टवेअरमध्ये काही नव्हतं, वायर बारीक होती. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात, आणि व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो इशारा नोंदवतो. २८ गेजच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. एक मीटर वायरीत जाऊन-येऊन ०.४२. एसएसडीसकट १.२ अँपिअर ओढले की अर्धा व्होल्ट वायरीतच जातो आणि पायपाशी ४.६ उरतात. जाड, अखंड वायरीचा अडॅप्टर लावल्यावर इशारा थांबला. कुठलाही दुसरा उपाय करण्याआधी हे तपासावं.

वीज गेल्यावर चालण्यासाठी पॉवर बँक: २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने ७४ वॉट-तास, परिवर्तनात जाऊन साधारण ६३ हाती. पाय आणि ॲक्सेस पॉइंट मिळून ९ वॉट, म्हणजे सात तास. हिशोब छान, पण बहुतेक पॉवर बँका चार्जिंग सुरू किंवा बंद होताना क्षणभर पुरवठा तोडतात. तेवढ्यात पाय बंद पडतो. पावसाळ्यात वीज दिवसातून अनेकदा येते-जाते, तिथे हे चालणार नाही. न तोडता बदलणारा छोटा डीसी यूपीएस घेतला, १२ व्होल्ट ॲक्सेस पॉइंटला आणि ५ व्होल्ट पायला.

१३ ऑगस्ट

चौथ्या अटीची, म्हणजे शिक्षकाला मजकूर बदलता येण्याची, परीक्षा. मूळ मजकूर आम्ही मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातच शीर्षकाच्या, यादीच्या खुणा घालायची पद्धत) ठेवतो, पँडॉक या रूपांतरकाने त्यातून ईपब आणि पीडीएफ निघतात. आम्हाला सोयीचं, पण अभ्यासकेंद्रावरच्या मॅडमना मार्कडाउन देणं म्हणजे कुलपाची किल्ली दुसऱ्या गावात ठेवणं. त्यांना वर्डसारखी फाइल हवी. म्हणून प्रत्येक घटकासोबत ओडीटी आणि डॉकएक्स प्रतही, शैली नीट बांधलेली, म्हणजे शीर्षक बदललं की अनुक्रमणिका बदलते.

मॅडमनी केलेला पहिलाच बदल आम्हाला सुचला नव्हता. टॉलरन्सच्या घटकात शाफ्ट आणि बेअरिंगचं उदाहरण होतं. त्यांनी त्याआधी गुऱ्हाळातल्या चरकाच्या रोलांमधल्या फटीचं उदाहरण घातलं: फट जास्त झाली तर रस उसातच राहतो, कमी झाली तर चरक अडतो. खालची आणि वरची मर्यादा म्हणजे काय, हे तिथल्या शिकणाऱ्याला एका वाक्यात कळतं. ते मूळ प्रतीत घेतलं, श्रेयाच्या तक्त्यात त्यांच्या संमतीने नोंद केली. परवान्यातला ‘बदलण्याचा हक्क’ म्हणतात तो असा वापरात यावा.

२२ ऑगस्ट

नवी आवृत्ती पोहोचवायची कशी. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की गगनबावड्याची वाहतूक थांबते, म्हणून पावसाळ्याआधी एक मोठी आवृत्ती आणि नंतर फक्त दुरुस्त्या, असं धोरण. कोलिब्री स्टुडिओत (साहित्य रचायचं कोलिब्रीचं संकेतस्थळ) बदल प्रसिद्ध करायचा, कोल्हापुरातल्या पेटीत नेटवरून आणायचा, तिथून पेनड्राइव्हवर निर्यात, आणि अभ्यासकेंद्रावर आयात. कोलिब्री प्रत्येक फाइल तिच्या आशयावरून काढलेल्या सांकेतिक नावाने ठेवते. त्यामुळे व्हिडिओचं शीर्षक बदललं तर व्हिडिओ पुन्हा उतरत नाही. पण तोच व्हिडिओ पुन्हा एन्कोड केला तर ती नवी फाइल, पूर्ण १३.५ एमबी. विनाकारण एन्कोड करू नये.

१ सप्टेंबर

टॉकबॅकने (पडदा वाचून दाखवणारं अँड्रॉइडमधलं साधन) घटक २ ऐकून तपासला. मराठी आवाज फोनमध्ये वेगळा उतरवावा लागतो. आकृतीखाली ‘आकृती ३’ एवढाच पर्यायी मजकूर होता, तो बदलून ‘मुख्य पट्टीवर शून्याची रेघ २४ आणि २५ च्या मध्ये, व्हर्निअरची १७वी रेघ ४१ शी जुळलेली’ असा केला. ओळखण्याच्या प्रश्नात मात्र असं वर्णन म्हणजेच उत्तर होतं. त्या प्रश्नांना अंध विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रश्न दिला: वर्णन वाचा आणि माप काढा.

उपशीर्षकं वेबव्हीटीटीमध्ये. फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करायची, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आवाज न लावता पाहणारे बरेच आहेत, त्यांना ही उपशीर्षकं लागतात.

९ सप्टेंबर

घटक १ ते ३ प्रसिद्ध. प्रत्येक घटकाच्या फोल्डरमध्ये: ईपब, पीडीएफ, ओडीटी, डॉकएक्स, मार्कडाउन, एसव्हीजी आकृत्या, एच५पी संच, एमपी४, एमपी३, उपशीर्षकं, श्रेयाचा तक्ता, आणि परवान्याचा मजकूर मराठीत. संपूर्ण संच इंटरनेट आर्काइव्हवर. विकिमीडिया कॉमन्सवर एमपी४ घेत नाहीत, तिथं वेबएमच्या प्रती वेगळ्या चढवल्या.

उरलेलं: घटक ४ मधल्या डायल इंडिकेटरच्या काट्याची आकृती. काटा उलट फिरतो तेव्हा छोट्या तबकडीवरचे पूर्ण फेरे कसे मोजायचे, हे स्थिर चित्रात कळत नाही, चार चित्रांची मालिका करून पाहायची. घटक ५ मध्ये प्रथम कोन प्रक्षेपणाचं चिन्ह आपण काढलेलंच वापरायचं. राधानगरीच्या पेटीसाठी जाड वायरीचा अडॅप्टर सोबत न्यायचा.